चालत्या संगणकाला ठिगळ कसे लावतात?

सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनवर वाडीकडून आणि विजापूरकडून येणारे लोहमार्ग एकत्र येतात. अशा ठिकाणी गाडीची वाट पाहत बसलात तर कधीतरी रूळ दुरुस्त करणारी टोळी दिसेल. दुरुस्तीसाठी रेल्वे 'ब्लॉक' घेते, म्हणजे ठरावीक वेळ एक मार्ग बंद ठेवते. मार्ग दुहेरी असेल तर तेवढ्या वेळात दोन्ही दिशांच्या गाड्या दुसऱ्या रुळावरून, जरा थांबत थांबत जातात. प्रवासी कुरकुरतो, पण पोचतो.

ज्या संगणकावर आपले आरक्षण होते, त्याची दुरुस्ती कशी होत असेल? तोही चोवीस तास कामात असतो.

पूर्वी आरक्षणाच्या वह्या असत. एका गाडीची वही एकाच कारकुनापुढे असे आणि बाकीच्यांनी थांबायचे. ही वही संगणकात गेली की तिला डेटाबेस म्हणतात. तिचा मुख्य नियम जुनाच आहे: एक जागा, एकच नाव आणि एका वेळी एकच लेखणी. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीपासून सुरुवात होऊन मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही संगणकीय आरक्षण केंद्रे झाली. १९९९ च्या एप्रिलमध्ये ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून सोलापूरच्या खिडकीवर बसून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढता येऊ लागले. सोय वाढली आणि धोकाही वाढला. एक केंद्र अडले की शेकडो गावांच्या खिडक्या अडतात.

बँका, विद्यापीठे, सरकारी खाती या सगळ्यांकडे असे अनेक डेटाबेस असतात. प्रत्येकाला वेगळे यंत्र दिले तर बहुतेक यंत्रे बराच वेळ रिकामी बसतात. म्हणून अनेक डेटाबेस थोड्या, पण मोठ्या यंत्रांवर एकत्र नांदवतात. त्यातली एक पद्धत अशी: नोंदी साठवणाऱ्या तबकड्या सर्वांना सामाईक ठेवायच्या आणि त्यांवर काम करणारी यंत्रे दोन-तीन ठेवायची. एक यंत्र बंद पडले तरी नोंदी जागेवरच असतात. दुसरे यंत्र काम उचलते.

इथे थोडे गणित करू. समजा, पाच कचेऱ्यांच्या पाच यंत्रांवर प्रत्येकी २० टक्के काम आहे. एकूण काम एका यंत्राच्या १०० टक्के झाले. मग एकच यंत्र पुरेल का? पुरेल, पण ते बंद पडेपर्यंतच. तेवढ्याच ताकदीची तीन यंत्रे ठेवली तर प्रत्येकावर सुमारे ३३ टक्के काम येईल, आणि एक काढले तर उरलेल्या दोघांवर ५०. हे झेपते. आता काटकसर म्हणून याच तीन यंत्रांवर आणखी कचेऱ्या आणल्या आणि प्रत्येकी ८० टक्के काम झाले, तर? एक बंद होताच उरलेल्या दोघांवर १२० टक्के येतील. तिसरे यंत्र असूनही नसल्यासारखेच. म्हणजे मोकळी दिसणारी ताकद वाया गेलेली नसते. गाडीतल्या जादा चाकासारखी ती राखून ठेवलेली असते.

आता ठिगळाकडे वळू. संगणकाच्या आज्ञावलीत चुका सापडतात आणि त्या बुजवण्यासाठी तयार करणारे 'पॅच', म्हणजे ठिगळ, पाठवतात. ते लावण्यात चालढकल झाली तर काय होते, ते मे २०१७ मध्ये दिसले. 'वॉनाक्राय' नावाची घातक आज्ञावली दीडशेहून अधिक देशांत पसरली. ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून ती शिरली, त्याचे ठिगळ मार्चमध्येच आले होते. पुढच्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या हल्ल्याने मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले.

मग आले ठिगळ की लाव, असे करावे? नाही. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा आज्ञावलीची सदोष सुधारणा एकाच वेळी जगभर पोचली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले.

यावर उपाय होटगीच्या फलाटावरून दिसला तोच: एका वेळी एक रूळ. पहिल्या यंत्राकडे नवे काम पाठवणे थांबवायचे. हातातले व्यवहार पुरे होऊ द्यायचे. ठिगळ लावायचे, तपासायचे आणि ते यंत्र पुन्हा कामाला जोडायचे. ते नीट चालले तरच दुसऱ्याला हात लावायचा. बिघडले तर मागे फिरता यावे म्हणून जुनी आज्ञावली आणि नोंदींची प्रत आधीच जपून ठेवायची.

याला एक अट आहे. मधल्या काळात जुने आणि नवे यंत्र एकाच वहीत लिहीत असते, तेव्हा दोघांना एकच लिपी समजली पाहिजे. होटगी–गदग मार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्याच्या १००० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची गाडी १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर चालूच शकत नव्हती. तसेच, ठिगळाने वहीची मांडणीच बदलणार असेल तर एकेक यंत्राची युक्ती चालत नाही. पूर्ण ब्लॉकच घ्यावा लागतो. संकेतस्थळावरचे रेल्वे आरक्षण अनेक वर्षे रात्री पावणेबाराच्या सुमारास अर्धा-पाऊण तास बंद राहत आले आहे. गर्दी सर्वांत कमी, ती वेळ अशा कामांना सोयीची.

एकत्र नांदण्यातली खरी अडचण मात्र यंत्रांची नसून माणसांची असते. एका कचेरीचे पगार महिनाअखेरीला, दुसरीचे निकाल जूनमध्ये. पूर्ण ब्लॉक कधी घ्यायचा? म्हणून कारखाना सुरू करण्यापूर्वीच सर्वांनी मिळून वर्षाचे वेळापत्रक ठरवणे शहाणपणाचे.

हे वर्गात करून पाहता येईल. तीन मुले 'यंत्रे', मध्ये एक सामाईक वही, आणि बाकीची मुले जागा मागणाऱ्या चिठ्ठ्या देतील. थोड्या वेळाने एका 'यंत्रा'ला, हातातली नोंद पुरी करून, उठायला सांगा. काम चालू राहते का? मग चिठ्ठ्यांचा वेग दुप्पट करा आणि पुन्हा एकाला उठवा. रांग कुठे तुंबते, ते मुलेच तुम्हाला सांगतील. पुढच्या वेळी खिडकीवर 'यंत्रणा बंद आहे' ही पाटी दिसली तर ती नुसती चिडणार नाहीत. दुसरा रूळ का नव्हता, असे विचारतील.