यंत्राची कालगणना आणि आपण

पुष्कळ संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठरवितात. जुन्या यंत्रांत या आकड्याला ३२ बिटांचीच जागा ठेविलेली आहे. १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, ती भरेल. पुढच्याच सेकंदाला मोजणी उलटून १९०१ साल उजाडेल. मग इंटरनेटवरील बँकेचे सुरक्षा-प्रमाणपत्र खरे असूनही 'अद्याप लागू नाही' म्हणून असे यंत्र दार लावून घेईल. नवी यंत्रे ६४ बिटांत मोजतात. प्रश्न उरलेल्या जुन्यांचा आहे. २००० सालचा असाच दोष जगभरच्या प्रोग्रामरांनी, त्यांत भारतीयांनीही, आधीच राबून निस्तरला. म्हणून आम्ही म्हणतो, दुरुस्ती वेळेवर मागा. नाहीतर यंत्राच्या चुकीचा जाब खिडकीवरच्या कारकुनाला द्यावा लागेल.