टायरचा पिवळा दिवा खरंच खोटा असतो का?



थंडी पडू लागली की आपल्या सोनागिरी-पिपलानी भागातले दोन-चार सभासद तरी मला एकच प्रश्न विचारतात. "काका, टायर तर चांगले दिसताहेत, मग डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा का लागतो?" मी मेकॅनिक नाही. बी.कॉम. झालो आणि सगळी नोकरी बँकेत आकडे जुळवण्यात गेली. पण या दिव्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. त्यानंतर मी गाडीचे माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढले, दोन-तीन टायरवाल्यांच्या दुकानात बसून त्यांचे डोके खाल्ले आणि जे समजले ते इथे मांडतो आहे.

दिवा कोणता ते आधी पाहू. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह, रंग पिवळा. तो नाल म्हणजे खरे तर टायरचा आडवा छेद आहे. या यंत्रणेला टीपीएमएस म्हणतात, म्हणजे टायरच्या हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा.

आता माझी गोष्ट. मागच्या डिसेंबरात हा दिवा रोज सकाळी लागायचा आणि चार-पाच किलोमीटर गेलो की आपोआप विझायचा. आठवडाभर हा खेळ चालला. मी घरात जाहीर करून टाकले, "सेन्सर बिघडला आहे, खोटा दिवा आहे." मग एका लग्नासाठी आम्ही पहाटे साडेपाचला नागपूरला निघालो. सौ. पुढे, सून आणि नात मागे. दिवा नेहमीप्रमाणे लागला. मंडीदीप मागे पडले तरी विझला नाही. मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केले. सौ. दोनदा म्हणाली, "अहो, एकदा थांबून बघा तरी." शेवटी ओबेदुल्लागंजला चहाला थांबलो तेव्हा पंक्चरवाल्याला दाखवले. मागच्या उजव्या चाकात खिळा होता आणि हवा राहिली होती अवघी १४ पीएसआय. लागते ३३. त्याने टायर रिमवरून उतरवला आणि आतून मूठभर काळा भुगा काढून माझ्या हातावर ठेवला. कमी हवेवर चालल्यामुळे टायरची बाजू सतत दुमडत होती, तापत होती आणि आतले रबर झिजत होते. तो म्हणाला, "अंकल, बुधनी घाट तक नहीं जाता ये." टायर भंगारात गेला. मागे त्याच बाजूला नात झोपली होती.

घरी परतल्यावर मी हिशेब मांडून पाहिला, तेव्हा कळले की आधीचा आठवडाभर लागणारा दिवासुद्धा खोटा नव्हता.

दिवा म्हणजे बँकेच्या किमान शिल्लक संदेशासारखा आहे. खात्यात किती आहे ते तो सांगत नाही, ठरलेल्या रेषेखाली गेलात एवढेच सांगतो. ही रेषा कुठे असते? अमेरिकेच्या नियमात ती शिफारस केलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली धरली आहे. काही कंपन्या त्याहून थोडी आधीच सूचना देतात. ३३ पीएसआयच्या टायरसाठी २५ टक्के म्हणजे सुमारे २५ पीएसआय.

आता खर्चाची बाजू बघा. टायरमधली हवा गार झाली की दाब उतरतो. तापमान दर ५-६ अंश सेल्सिअसने घटले की साधारण १ पीएसआय जातो. आपण हवा कधी भरतो? ऑक्टोबरच्या भर दुपारी, एमपी नगरपर्यंत जाऊन येताना, वाटेतल्या पंपावर. तेव्हा टायरमधली हवा सहज ५० अंशांवर असते. यंत्रावर ३३ लावले, ते टुंग वाजले, आपण खूष. तीच हवा भोपाळच्या डिसेंबरातल्या पहाटे १० अंशांवर आली की दाब उरतो जेमतेम २७. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला सुमारे १ पीएसआय झिरपतोच. दोन महिन्यांचे २ वजा करा. शिल्लक २५! म्हणजे पंक्चर नाही, बिघाड नाही, तरी दिवा लागणारच. गाडी चालली की टायर तापतो, २-३ पीएसआय जमा होतात आणि दिवा विझतो. त्याला आपण खोटा म्हणतो. खरे तर तो रोज सकाळी अचूक ताळेबंद देत होता आणि मी तो न वाचता सही करत होतो.

माझ्या नोकरीतल्या एका शाखेत तिजोरीचा भोंगा असाच होता. पाली आणि उंदीर यांच्यामुळे रात्री वाजायचा. पहिल्या वेळी सगळे धावत आले, पाचव्या वेळी चौकीदार कूसही बदलत नसे. त्या भोंग्याचे आणि माझ्या दिव्याचे दुखणे एकच.

तर दिवा लागला की काय करावे? आधी तो लागतो कसा ते बघा. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर तो लुकलुकला आणि मग स्थिर राहिला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणेतच बिघाड आहे असा होतो. न लुकलुकता सरळ लागला, तर हवा कमी आहे असेच धरून चालायचे. हा फरक अनेकांना माहीत नसतो आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

सरळ लागला असेल तर स्वतः मोजा. लाथ मारून किंवा डोळ्याने बघून काही कळत नाही, कारण आजकालचे रेडियल टायर पूर्ण हवेवरही खाली थोडे फुगलेलेच दिसतात. चार-पाचशे रुपयांत मिळणारे एक साधे गेज घरी असू द्या. सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना, उन्ह यायच्या आत मोजा. आकडा किती हवा? तो टायरवर लिहिलेला नव्हे. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. आपला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे चिकटवलेल्या पट्टीवर असतो, आणि बहुधा तिथे दोन रकाने असतात, एक नेहमीच्या वापराचा, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीचा. दिवाळीत पाच माणसे आणि फराळाचे डबे घेऊन निघताना दुसरा रकाना पाहायचा. काही पट्ट्यांवर किलोपास्कल असतात. २३० म्हणजे ३३ पीएसआय, घाबरू नका.

पंपावर हवा फुकट मिळते, ती घ्यावीच, पण तिथल्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. मी घरून मोजून निघतो, किती कमी आहे ते कागदावर लिहितो आणि पंपावर टायर कोमट झाला असला तरी तेवढीच भर घालायला सांगतो. म्हणजे घरी ३० होते आणि ३३ हवे, तर पंपावर जे दिसेल त्यात ३ वाढवायचे. गरम टायरमधली हवा आकडा जास्त दिसतो म्हणून काढून टाकू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा पुन्हा हजर. नायट्रोजन भरला की हे टळते असे सांगितले जाते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो हे खरे, पण थंडीत तोही तितकाच आक्रसतो.

हवा बरोबर भरूनही दिवा जात नसेल तर आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे ते कळायला हवे. दोन जाती आहेत. एका जातीत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला छोटा सेन्सर असतो आणि तो रेडिओलहरींनी आकडा पाठवतो. डॅशबोर्डवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर तुमची गाडी या जातीची. हे सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी गाडी उभी असताना झोपतात, म्हणून हवा भरल्यावर दिवा लगेच विझत नाही, थोडे अंतर चालवावे लागते. त्यांची बॅटरी ५ ते १० वर्षे टिकते आणि बहुधा आत बंदिस्त असते, संपली की सेन्सरच बदलायचा.

दुसऱ्या जातीत दाब मोजणारे काहीच नसते! ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून प्रत्येक चाकाचा वेग घेतला जातो. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा जरा जलद फिरते, त्यावरून गाडी अंदाज बांधते. म्हणजे प्रत्यक्ष तपासणी नाही, तुलनात्मक पत्रक आहे. खरोखरच्या खोट्या सूचना सर्वांत जास्त इथेच निघतात. दोनच टायर नवे घातले, चाकांची अदलाबदल केली, वेगळ्या मापाची स्टेपनी लावली किंवा नुसती हवा भरली, तरी जुनी तुलना चुकते. अशा वेळी रिसेट करावे लागते. काही गाड्यांत त्याचे बटण स्टिअरिंगजवळ असते, काहींत स्क्रीनच्या सेटिंगमध्ये. रिसेट म्हणजे दिवा विझवणे नव्हे. "आत्ता जो दाब आहे तोच बरोबर" असे आपण गाडीला लिहून देतो. तेव्हा चारही चाके थंड असताना नीट मोजून भरल्याशिवाय रिसेट करू नये, नाहीतर २६ पीएसआयलाच गाडी पूर्ण समजेल आणि खरी वेळ येईल तेव्हा गप्प बसेल. आणखी एक उणीव म्हणजे चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर या जातीच्या जुन्या यंत्रणांना काहीच कळत नाही.

बाजारातून आणून व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसवायचे सेन्सर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घेतले आहेत. ते वाईट नाहीत. पण टोपी नीट घट्ट बसली नाही तर तीच हवा सोडते. आतला बटण सेल थंडीत आधी मान टाकतो. चाके अदलाबदल केली की पुढच्या डाव्याची तक्रार मागच्या डाव्याच्या नावावर पडते. स्वस्तातला मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅमसुद्धा रेडिओसंदेशात व्यत्यय आणू शकतो. आमच्या मुलाच्या गाडीत चार्जर काढताच सूचना थांबली. तेव्हा ते एकेक करून काढून पाहा.

एकच टायर वारंवार उतरत असेल तर साबणाचे पाणी घ्या. व्हॉल्व्हच्या तोंडावर, रिमच्या कडेने आणि नक्षीवर शिंपडा, बुडबुडे जागा दाखवतात. व्हॉल्व्हमधला पिन बदलायला फारसा खर्च येत नाही. खड्ड्याने रिम वाकली असेल तर ती मात्र ठोकून घ्यावी लागते. चाकात सेन्सर असेल तर टायर उतरवण्याआधी पंक्चरवाल्याला सांगा, मशीनचा दांडा त्यावर बसला की सेन्सर गेला. धातूच्या शोभेच्या टोप्या लावू नका, त्या गंजून व्हॉल्व्हला चिकटतात. आणि चारही चाके ठीक असून दिवा जातच नसेल तर स्टेपनी मोजा, काही मोजक्या गाड्यांत तिच्यातही सेन्सर असतो.

हा दिवा आला कुठून, तेही सांगतो. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. ते मुख्यतः फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते, टायरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि अडीचशेहून अधिक माणसे दगावली होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे सरसकट सक्ती नाही. मात्र जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले आणि ही यंत्रणा व टायर दुरुस्तीचा किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी ठेवण्यातून सूट दिली. म्हणजे काही नव्या गाड्यांत पाचवे चाकच नाही, जो काही आधार आहे तो या दिव्याचा.

आपल्यातले बरेच जण आता नागपूरहून समृद्धी महामार्गाने शिर्डी, नाशिक, मुंबई गाठतात. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि मोटारींना तिथे ताशी १२० ची मुभा आहे. सिमेंटचा सरळ रस्ता, टायर तासन्‌तास थंड होत नाही. टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर २०२३ मध्ये तिथे वाहनांच्या टायरची तपासणी सुरू करावी लागली. सोनागिरीहून पहाटे निघताना दिवा लागलेला असेल तर निदान मंडीदीपच्या आत एकदा उतरून मोजाच.

माझे गेज गाडीतच असते, ज्यांना हवे त्यांनी खुशाल मागून न्यावे. फक्त मंडळाच्या कार्यक्रमाला येऊन "काका, जरा मोजून द्या" म्हणू नका. तोवर टायर तापलेले असतात. सकाळी सातच्या आत मला बोलवा, चहा तुमच्याकडे.