जनुकांचे वाहन : हाडांचे खनिज

भंडारा जिल्ह्यातील कोंढा म्हणजे धानाचा मुलूख. तेथे दोन वस्तू सहज मिळतील : पानाला लावायचा चुना आणि शेतात टाकायचे डीएपी खत. शिक्षकांच्या देखरेखीखाली चुना पाण्यात ढवळून ठेवा व वरची स्वच्छ निवळी काढून घ्या. दुसऱ्या भांड्यात डीएपीचे थोडे दाणे पाण्यात विरघळवून ते पाणी गाळणकागदातून गाळा. आता दोन्ही द्रावणे एकत्र करा. अमोनियाचा किंचित वास येईल आणि द्रावण दुधासारखे पांढरे होईल. हा पांढरा अवक्षेप कॅल्शियम फॉस्फेटचा. तुमची हाडे आणि दात याच कुळातील खनिजाचे बनलेले आहेत.

या साध्या अवक्षेपावर बसवून पेशीत जनुक पोहोचवता येते. ते कसे, हे आता पाहू.

दोन ऋणभारांचे भांडण

जनुक म्हणजे डीएनएच्या लांब धाग्याचा एक भाग. फॉस्फेट गटांमुळे या धाग्यावर ऋणभार असतो. पेशीच्या पटलाच्या बाहेरील बाजूसही ऋणभारच. सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही शिकलाच आहात. मग मध्यस्थ कोण? कॅल्शियमचा आयन! त्यावर दोन धनभार असतात. त्यामुळे डीएनए कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांना चिकटतो आणि ते कण पेशीवर बसतात. पेशी असा कण पटलाच्या पिशवीत गुंडाळून गिळते. पिशवीत आम्लता वाढते आणि कण विरघळू लागतो. तोंडातील आम्लाने दात झिजतात, तसेच हे. मोकळ्या झालेल्या डीएनएपैकी थोडाच केंद्रकापर्यंत पोहोचतो; पण काम व्हायला तेवढा पुरतो.

फ्रँक ग्रॅहॅम व ॲलेक्स व्हॅन डेर एब यांनी ही पद्धत नेदरलँड्समधील लायडन येथे बसवली आणि १९७३ साली प्रसिद्ध केली. तिच्याच साहाय्याने ग्रॅहॅम यांनी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातील पेशींत ॲडिनोविषाणूची जनुके घातली. तो त्यांचा २९३ वा प्रयोग. म्हणून त्या पेशींना 'एचईके २९३' म्हणतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड लस आठवते ना? भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचे लसीकरण सुरू झाले, तेव्हापासून ती दिली गेली. त्या लशीतील दुबळा केलेला विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. तो वाढवला गेला या पेशींच्याच वंशात. कारण त्याच्यात नसलेले जनुक त्या पुरवतात.

सुट्या कणांऐवजी लेप

या अवक्षेपाची एक खोड आहे. तो जास्त वेळ ठेवला की कण मोठे होतात आणि पेशींना ते नीट गिळता येत नाहीत. शिवाय शरीरात सोडलेले सुटे कण हव्या त्या जागीच राहतील असे नाही. म्हणून त्यांचा एखाद्या पृष्ठावर लेप द्यावा, ही कल्पना पुढे आली. पेशी लेपावर जेथे बसेल, तेथेच तिला जनुक मिळेल.

कृत्रिम सांध्याच्या धातूच्या दांड्यावर हाडाच्या खनिजाचा लेप देतात. त्यासाठी खनिजाची पूड हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मातून फवारतात. डीएनएचे दोन पेड तर उकळत्या पाण्यातच सुटे होतात! म्हणून येथे थंड मार्ग धरावा लागतो. रक्तद्रवातल्यासारखे आयन असलेल्या द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला वस्तू बुडवून ठेवली, तर तिच्यावर खनिजाचा थर हळूहळू चढतो. द्रावणात डीएनए मिसळला, तर तो त्या थरात अडकून बसतो.

समजा, कोणाचे मोडलेले हाड जुळतच नाही. हाड वाढवणाऱ्या प्रथिनाचे जनुक लेपात असेल, तर भोवतीच्या पेशीच ते प्रथिन बनवू लागतील. असे प्रयोग पेशींवर व प्राण्यांवर झाले आहेत. रुग्णांच्या नेहमीच्या उपचारांत ही पद्धत अजून आलेली नाही. विषाणूच्या वाहनाने जितक्या पेशींत जनुक पोहोचते, तितक्या पेशींत ते या मार्गाने पोहोचत नाही. पण विषाणूवर शरीर हल्ला चढवते. हाडाचे खनिज त्याला परके नाही.

आता विचार करा : लेप फार लवकर विरघळला तर काय होईल? आणि विरघळलाच नाही तर?