‘शक्ती’ : मंचावरच्या ध्वनिमुद्रणांचा मागोवा

वाद्यवृंद : 1970च्या दशकात इंग्लिश जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, मुंबईकर तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक टी. एच. विक्कू विनायकराम एकत्र आले.

पहिली तबकडी : ‘शक्ती’ (1976). स्टुडिओत नव्हे, जुलै 1975मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील महाविद्यालयात, श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित. मृदंगमवर रामनाड राघवन.

वेगळेपण : जॅझमधली उत्स्फूर्तता, हिंदुस्तानी ताल आणि कर्नाटक संगीत एकाच मंचावर. ड्रम-सेट नाही. मॅक्लॉफ्लिन यांच्या खास बनवून घेतलेल्या गिटारला तरफेच्या तारा होत्या.

मुंबईची मैफल : नवा संच ‘रिमेंबर शक्ती’. ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ (2001) हे डिसेंबर 2000मधील मुंबईच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण. यू. श्रीनिवास (मेंडोलिन) आणि व्ही. सेल्वगणेश (खंजिरा) संचात. संतूरवर शिवकुमार शर्मा, गायनाला शंकर महादेवन, तालवाद्यांवर तौफिक कुरेशी आणि भवानीशंकर. मराठी श्रोत्याने सुरुवात इथूनच करावी. श्रीनिवास 2014मध्ये, शिवकुमार 2022मध्ये गेले.

पुन्हा एकत्र : ‘धिस मोमेंट’ (2023) हा स्टुडिओ अल्बम, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. फेब्रुवारी 2024मध्ये ग्रॅमी.

ताजे ध्वनिमुद्रण : ‘माइंड एक्स्प्लोजन’ (2025), पन्नाशीनिमित्तच्या दौऱ्यातील मैफली. झाकीरभाईंचे 15 डिसेंबर 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत निधन झाले. त्यानंतर हा अल्बम आला.