न फोडलेल्या तिजोरीतील चोरी

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्या समारंभास उपस्थित होते. पुढे निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, रोजगार हमीची मजुरी अशा रकमा थेट खात्यात जमा होऊ लागल्या आणि बँक मित्राच्या लहानशा यंत्रावर बोट टेकवून त्या गावातच काढताही येऊ लागल्या. बोट टेकविल्यावर यंत्र पैसे देण्यास अनुमती देते, ती कोणाच्या सांगण्यावरून? हा प्रश्न किती गंभीर आहे, हे पुण्यातील एका जुन्या सहकारी बँकेच्या अनुभवावरून कळून येते.

१९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी संगणकीय दरोडा पडला. तो दिवस दुसऱ्या शनिवारचा, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा होता. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

एटीएममध्ये कार्ड घातले असता विचारणा बँकेच्या ‘स्विच’ नामक संगणकाकडे जाते. खात्यात शिल्लक आहे काय, हे मुख्य संगणकाला विचारून स्विच होकार अथवा नकार कळवितो. चोरट्यांनी बँकेच्या संगणक जाळ्यात घातक प्रणाली शिरवून एक बनावट स्विच उभा केला. विचारणा मुख्य संगणकापर्यंत पोहोचेचना. मधल्यामध्ये बनावट स्विच ‘होय, द्या’ असे उत्तर देई. कुंपणच शेत खाते म्हणतात. येथे तर खऱ्या कुंपणाच्या जागी दुसरेच कुंपण उभारले गेले होते. काही तासांतच २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये, तर भारतात २,८४९ व्यवहारांद्वारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. सोमवारी, १३ ऑगस्टला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून खोटे आदेश देऊन आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींवर गेली. ग्राहकांच्या खात्यांना मात्र धक्का लागला नव्हता, कारण त्या खात्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. तोटा सोसावा लागला तो बँकेला.

सूत्रधार दूर असले, तरी नोटा हाती घेण्यास माणसेच लागली. बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभी राहिलेली ही माणसे कॅमेऱ्यांत टिपली गेली. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात या दरोड्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर अशाच खोट्या स्विफ्ट आदेशांनी गेले होते. मागितलेली रक्कम याच्या कितीतरी पट होती. श्रीलंकेला जाणारे २ कोटी डॉलर अडले, ते ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकल्यामुळे! मधल्या बँकेला शंका आली आणि तिने उलट विचारणा केली. यंत्राच्या दृष्टीने तो आदेश निर्दोष होता.

आपल्या ग्रामपंचायतींचा निधीही आता संगणकावरूनच खर्ची पडतो. त्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. एकाने तयार केलेला आदेश दुसऱ्याने तपासावा, हा त्यामागील हेतू. सोयीसाठी दोन्ही स्वाक्षऱ्यांची उपकरणे व त्यांचे पासवर्ड एकाच संगणकचालकाच्या खणात पडून राहिले, तर होकार देणारा आणि तपासणारा एकच होतो. मग बनावट स्विच उभारण्याचीही गरज उरत नाही. रक्कम गेल्याचे ध्यानात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पैसा खात्याखात्यांतून फिरत असेपर्यंत तो गोठविता येणे शक्य असते. एटीएममधून एकदा नोटा बाहेर पडल्या, की ती वाट बंद होते.