भिंगाखालची कुंडी

पावसाचे पहिले आठ दिवस सरले, की आमच्या बोनकोड्यात कुंड्या बाळगणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. झाडाला पाणी घातले, की मातीवर पांढरे-करडे ठिपके तरंगतात आणि बोट जवळ नेताच टणकन उडून नाहीसे होतात. आमच्या गॅलरीतील तुळशीतही तसेच झाले. ‘पिसवा झाल्या, औषध मारा,’ असा घरात निकाल लागला; शेजारच्या काकूंनी तर भुकटीची पुडीही आणून दिली. पण जिची पाने नैवेद्यावर आणि मुलांच्या काढ्यात पडतात, तिच्या मुळाशी विष घालावयाचे म्हणजे अगोदर शत्रू कोण ते पाहावयास हवे. आम्ही पुडी बाजूला ठेवली आणि कॅमेरा काढला.

एवढ्याशा जिवाचा फोटो काढणे सोपे नाही. आमचे ठिपके जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्यात उमटली, की त्याला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. कॅमेऱ्यातील चौकट ३६ मिलिमीटर रुंद असेल, तर अशा प्रतिमेतही आमचा पाहुणा चौकटीचा अठरावा हिस्साच व्यापणार. तेव्हा प्रतिमा निदान चौपट हवी. त्यासाठी महागडे भिंगच पाहिजे असे नाही. २०० मिलिमीटरच्या लेन्सपुढे ५० मिलिमीटरची जुनी लेन्स उलटी बसवावी. २०० भागिले ५०, म्हणजे प्रतिमा चौपट! अशी जुनी लेन्स पुष्कळांच्या कपाटात धूळ खात पडलेली असते. मोबाइलला चिमट्याने लावावयाचे छोटे भिंगही सुरुवातीस पुरते.

दुसरी अडचण अधिक चिवट. प्रतिमा जसजशी मोठी करावी, तसतशी स्पष्ट दिसणारी जागा पातळ होत जाते. वस्तूएवढ्या प्रतिमेत ती सुमारे एक मिलिमीटर असते. चौपट प्रतिमेत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. डोळा स्पष्ट दिसला तर पाय धूसर, पाय दिसले तर डोळा धूसर. लेन्सचे छिद्र बारीक केल्यास थोडा लाभ होतो. परंतु ते फारच बारीक केले, तर प्रकाश पसरून सगळेच चित्र मऊ पडते. स्थिर वस्तूचे केसभर अंतराने अनेक फोटो काढून ते संगणकावर एकत्र जोडता येतात. उडी मारणारा जीव मात्र तेवढा वेळ देत नाही.

येथे आम्हांला ताटलीने वाट दाखविली. कुंडीखालच्या ताटलीत पाणी होते आणि हे जीव त्यावर न भिजता निवांत उभे होते. पाण्याचा पृष्ठभाग सपाट. कॅमेरा त्याला समांतर धरला, की डोक्यापासून शेपटापर्यंतचे अंग एका पातळीत येते. प्रकाशासाठी फ्लॅश घेतला आणि चकाकी मोडावी म्हणून त्यापुढे ट्रेसिंग पेपर लावला. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प असतो. त्यामुळे हात थोडा हलला तरी चित्र हलत नाही. किड्याला शीतपेटीत गारठवून फोटो काढण्याची एक रीत आहे. ती आम्हांला रुचत नाही. गारठलेला जीव आपली खरी ढब दाखवीत नाही.

साठएक फोटो वाया गेल्यावर एक उत्तम साधला. सहा पाय, दोन मिशा, पंख नाहीत. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी असते. हा तर लांबट, गुबगुबीत. आणि एकाच्या पोटाखाली दुमडलेला दुबेळका काटा स्पष्ट दिसत होता. पटले! ही पिसू नव्हे. हा स्प्रिंगटेल, म्हणजे कमानशेपट्या. तो काटा पोटाखालच्या आकड्यात अडकवलेला असतो; आकडा सुटला, की काटा जमिनीवर आपटतो आणि जीव हवेत फेकला जातो. याच कुळातील एक गोलमटोल जात उडताना सेकंदाला ३६८ कोलांट्या घेण्याइतक्या वेगाने फिरते, असे २०२४ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले गेले.

याला सहा पाय असले, तरी शास्त्रज्ञ आज त्याला खऱ्या कीटकांत धरीत नाहीत. त्याचे मुखावयव डोक्याच्या आत लपलेले असतात. या गटाला ‘कोलेंबोला’ हे नाव जॉन लबक यांनी दिले आणि १८७३ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे गृहस्थ पेशाने बँकवाले. इंग्लंडात बँकेच्या सुट्ट्यांचा कायदा १८७१ साली त्यांनीच करवून घेतला! या कुळाचा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा अवशेष स्कॉटलंडच्या दगडात सापडला. १९२६ साली त्याचे वर्णन करणाऱ्या दोघांत मौलिक हे भारतीय कीटकशास्त्रज्ञ होते.

आता मुख्य प्रश्न : हा खातो काय? बहुतेक जाती बुरशी आणि कुजकी पाने खातात. पाने बारीक होतात, त्यांवर जिवाणूंचे काम सुकर होते आणि मातीला कस येतो. अपवाद आहेत, ऑस्ट्रेलियात एक जात लसूणघासाची पाने कुरतडते. म्हणून नुसत्या नावावर निकाल देऊ नये. पानेही भिंगाखाली पाहावीत. आमच्या तुळशीची पाने अखंड होती. पिठ्या ढेकूण नव्हता, मावा नव्हता. दोष होता तो आमचा : भर पावसातही रोज तांब्याभर पाणी आणि वर साचलेला पालापाचोळा. पाणी कमी केले, पाचोळा काढला. पंधरा दिवसांत ठिपके विरळ झाले.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या परिसरातील भातखाचरांच्या जागी वस्ती उभी राहिली. आज आपल्यापैकी कित्येकांच्या वाट्याला आलेली शेतजमीन म्हणजे गॅलरीतील चार कुंड्या. एवढीशी माती, आणि तीही जिवंत आहे. तिच्यावर भुकटी फेकली, तर राबणारे अगोदर मरतात.

काकूंना आम्ही तो फोटो दाखविला. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, ‘अगंबाई, याला तर तोंडसुद्धा लपवून ठेवलंय!’ आणि पुडी परत घेऊन गेल्या. पाऊस आता महिन्यावर आला आहे. ठिपके दिसले, तर प्रथम पांढऱ्या बशीत पाणी घेऊन कुंडीतील चिमूटभर माती त्यात सोडा, भिंग धरा आणि पोटाखालचा काटा शोधा. पाच मिनिटांचे काम आहे.