माळवदावरची माती आधी कमी करा

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व परिसरातील गावांत आठ ते दहा हजार माणसे दगावली. धक्का सुमारे 6.2 रिश्टरचा होता. एवढ्या धक्क्याने इतकी माणसे मेली, त्याचे मुख्य कारण घरांची बांधणी हे होते. 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु लातूर-नांदेड भागात दगड-मातीची माळवदे आजही वापरात आहेत. 2024 साली 21 मार्च व 10 जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात 4.5 रिश्टरचे धक्के बसले व ते नांदेडपर्यंत जाणवले.

माळवद उन्हाळ्यात थंड राहते हे खरे. पण गळती थांबावी म्हणून त्यावर पांढरी माती टाकली जाते आणि जुनी क्वचितच काढली जाते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फुटाचा थर असल्यास कोरड्या मातीचेच वजन सुमारे 40 क्विंटल होते. भिजल्यावर ते आणखी वाढते. खालची भिंत दोन-अडीच फूट रुंद, म्हणून भक्कम वाटते. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या भिंती असतात. मध्ये बारीक दगड व माती भरलेली असते. हादऱ्याने त्या फाकतात आणि छत खाली येते.

घर पाडून नवे बांधणे अनेकांना परवडत नाही. तरी उन्हाळ्यात मातीचा थर वीतभरापर्यंत कमी करावा व गळतीसाठी मातीखाली जाड प्लास्टिक कागद घालावा. हे काम घरच्या माणसांनाही जमते. खांब व तुळईच्या कोनात तिरके लाकूड ठोकावे. भिंतीचे दोन्ही थर धरून ठेवणारे आरपार दगड मात्र जाणत्या गवंड्याकडूनच बसवावेत. फुगलेल्या भिंतीजवळ झोपू नये व जनावरेही बांधू नयेत.

ढिगाऱ्यातून माणसे काढण्यासाठी सर्वांत आधी शेजारीच पोहोचतात. म्हणून टिकाव, फावडी, पहारी, दोर, ट्रॉलीचा जॅक व बॅटऱ्या गावाने एका ठिकाणी, पत्र्याच्या मोकळ्या शेडमध्ये ठेवाव्यात. माळवदाखाली ठेवलेली अवजारे त्या वेळी मिळत नाहीत. कोणत्या घरात किती माणसे कुठे झोपतात, याची वही ग्रामपंचायतीने करावी व तिची एक प्रत गावाबाहेरच्या वस्तीवर ठेवावी. सुगीत बरीच माणसे शेतावर मुक्कामाला असतात, तेव्हा ही वही त्याप्रमाणे दुरुस्त करावी.